प्रमिलाबाईचं खापर

तिसरा मांडाही चुलीवरच्या पालथ्या खापरावर फाटला. पुरण सांडलं, करपलं, घरभर धूर झाला. मान खाली घालून मंदाबाई टोमण्याची वाट बघत बसली.

भिंतीला टेकून बसलेली तिची थोरली जाऊ प्रमिलाबाई म्हणाली, "चांगला झाला." तिनं मांड्याकडे पाहिलंही नव्हतं.

बावीस वर्षं मंदाबाई या बाईवर जळत आली होती. मांडे खावे ते प्रमिलाबाईचे, असं अख्खं असोदा गाव म्हणायचं. पुरणाचा उंडा ती दोन्ही हातांवर अशी फिरवायची, की बघता बघता मांडा कोपरापर्यंत यायचा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खापरापाशी बसायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. मंदाबाईनं आपली चूल फुंकायची!

दिवाळीनंतर प्रमिलाबाईनं अंथरूण धरलं. ना ताप, ना खोकला. जेवण नको, झोप नाही, वेणीफणीसुद्धा सुटली. "नखरे, दुसरं काय! मले नाही वाटत का पडून राहावं?" सगळ्यांत मोठ्यानं बोलली ती मंदाबाईच. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जळगावच्या डॉक्टरांकडे सोबत म्हणून तिलाच धाडलं, तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आजारातही हिचाच मान!

डॉक्टर म्हणाले, "नखरे नाहीत हे, आजार आहे. डिप्रेशन. औषधानं बरा होतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलायला आणा. आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

आता औषधाचा सातवा आठवडा चालू होता. झोप लागत होती, दोन घास जात होते. बाकी सगळं तसंच. खापर मात्र मंदाबाईकडे आलं होतं. बावीस वर्षं हवं होतं तेच. मग त्या 'चांगला झाला'नं तिला रडू का फुटावं?

तिनं नाक ओढलं. पुढचा मांडा मुद्दाम भाकरीएवढा जाड केला आणि चुलीत दोन लाकडं जास्तीची सारली.

प्रमिलाबाईची मान वळली. तिनं नाक उडवलं.

"जाळ कमी कर वं, मंदे! अन् हे काय, गोधडी थापली का?"

"मले नाही जमत, अक्का."

"बावीस वर्सांत नाही जमलं तुले. सरक तिकडे!"

प्रमिलाबाईनं उंडा हातावर घेतला. पहिला मांडा बेताचाच झाला. दुसरा कोपरापर्यंत आला.

आबांनी ओट्यावरूनच घास घेतला. "वा! याले म्हनतात मांडा. मंदा, शिक काही!"

मंदाबाई जळून खाक झाली. अगदी पहिल्यासारखी, किती महिन्यांनी! पदरानं डोळे पुसत ती उठली आणि अक्काची सकाळची राहिलेली गोळी आणायला आत पळाली.