पाहुण्याचं वजन

"शाब्बास, पाव किलो उतरलं!" दिवसभर मशीनवर वाकून मोडलेली कंबर घेऊन शिंपीणबाई सकाळी उठायच्या, त्या बोलक्या वजनकाट्याच्या या शाबासकीसाठीच.

काटा घरची माणसं ओळखायचा. परकं कुणी चढलं, तर मोबाइलवर 'पाहुणे' अशी नोंद करायचा. घरात नवरा-बायको दोघंच, तरी रोज पाहुण्याचं वजन नोंदलेलं असायचं. बाईंचं जेवढं उतरे, तेवढंच त्याचं चढे.

"काटा बिघडलाय गं," नवरा म्हणायचा. "पण तू मात्र पार वाळलीस."

आज त्या कशाबशा काट्यावर चढल्या. काटा म्हणाला, "नमस्कार, पाहुणे!"

स्वयंपाकघरात दोन कप वाजले. नवरा कौतुकाने कुणाला तरी म्हणत होता, "बघ, आता कशी पहिल्यासारखी दिसतेस!"