ढोलीतला रिपोर्ट

तू फक्त आयक बे, मधात बोलू नको. डॉक्टरनं ताराबाईले तिसऱ्यांदा विचारलं, "याआधी लिव्हरचा काही त्रास?" ताराबाई म्हणे, "नाई." दोन दिवसांपासून ती दवाखान्यात त्याच स्टुलावर बसून होती. खाटेवर तिचा नवरा मनसाराम, पोट धरून. स्वादुपिंडाले सूज. भोवताल गावातल्या दारूबंदी कमिटीच्या चार बाया. ताराबाई त्यायची अध्यक्ष. जो पेईन त्याचं नाव समाजमंदिराच्या भोंग्यावर घ्याचं, हा नियम तिचाच. भोंग्याच्या खोलीची चाबी तिच्याच कमरेले.

मागच्या साली गावात तपासणीचं शिबिर झालं. मनसारामच्या सोनोग्राफीत निघालं, लिव्हरवर चरबी. आता लिव्हर बिघडलं म्हणजे माणूस पेते, हे गावात लहान लेकरूबी सांगते. मनसाराम म्हणे, "डिंपलची माय, पोरीची आन, मी थेंब नाई घेतला." तिले पटलं नाई. तिनं रिपोर्ट घरातल्या धान साठवाच्या ढोलीत खोल खुपसला. तवापासून त्याच्याशी धड बोललीबी नाई.

डॉक्टर दमलेला होता, पण सरळ बोलला. "सूज तशी साधी दिसते. सलाईनवर उतरेल. पण लिव्हरवर चरबी असेल तर हीच सूज बिघडायचा धोका जास्त. मग मी इथं ठेवत नाही, आत्ताच चंद्रपूरला पाठवतो. गाडी उभी आहे. आठवून सांगा, बाई."

ताराबाईनं चारही बायांकडे पाह्यलं. मंग मान खाली घातली.

"हाय. रिपोर्ट हाय. मीनंच लपवला. पेते तो, चोरून."

"नाई पेत व," मनसाराम डोळे न उघडताच बोलला. वर्षभर तेच सांगून सांगून थकला होता बिचारा.

डॉक्टर चिठ्ठी लिहून राह्यला होता. लिहिता लिहिताच म्हणे, "न पिणाऱ्याच्या लिव्हरवरही चरबी येते, बाई. वजनानं येते, साखरेनं येते. रोज पाहतो मी."

मनसारामले गाडीत चढवलं. ताराबाई एक पाय वर ठेवून उभी, तं मांगून कमिटीतल्या आशाबाईनं तिच्या हाती थर्मास देला. हळूच म्हणे, "मंग बाई, माह्या घरच्याचा रिपोर्ट?"

आशाबाईचा नवरा लहानू. त्याच शिबिरात त्याचंबी तेच निघालं होतं. त्याचं नाव ताराबाईनं भोंग्यावर तीन डाव घेतलं. त्यानं भर सभेत मायची आन घेतली. आशाबाईनंबी नाई मानली. मंग तो मिरची तोडाले तेलंगणात गेला तो गेलाच.

ताराबाईनं कमरेची चाबी काढली, आशाबाईच्या हातात ठेवली अन् गाडीत चढली.

आता सांग. चाबी तुह्या हातात असती, तं भोंग्यावर पह्यले कोणाचं नाव घेतलं असतं?