खोडलेला शब्द

“जुना मसुदा दाखवा,” ताई म्हणाली. “हा तर दोनच पानांचा आहे. आधीचा चांगला जाडजूड होता.”

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. “होता खरा. तुमच्या जुन्या वकीलसाहेबांना एकच गोष्ट तीनदा लिहिल्याशिवाय चैन पडत नसे. ‘देत आहे, सुपूर्द करीत आहे, हवाली करीत आहे.’ अहो, एकदा दिलं की दिलं. शब्द कमी झालेत, तुमचा हक्क नाही.”

“तीनदा दिलेलं परत मागता येत नाही,” ताई म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर बसलेला तिचा धाकटा भाऊ हसला. जरा जास्तच हसला, असं ताईला वाटलं.

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे राहिलं ते एक दुमजली घर आणि त्याला लागून असलेलं चष्म्याचं दुकान. दुकान ताई चालवायची. गिऱ्हाइकाने दिलेली नोट उजेडात धरून बघायची सवय तिला वडिलांचीच. संशय आमच्या रक्तातच आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिला बरं वाटायचं.

भाऊ तसा नव्हता. साधा, कुणाच्याही बोलण्यात येणारा. म्हणूनच गेला महिनाभर त्याचं वागणं तिला खटकत होतं. वाटणीपत्र सुटसुटीत करून घेऊ, हे त्यानेच काढलं. वकील त्यानेच बदलले. जुन्या वकिलांकडचे वडिलांचे कागद आणायला तो एकटाच गेला, आणि आला तो न जेवताच झोपला. तेव्हापासून ताई खोलीत शिरली की हा फोनवरचं बोलणं आटोपतं घ्यायचा. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, “मला काही सांगत नाहीत हो,” आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

त्यात परवा तो म्हणाला, “ताई, दुकानाबरोबर वरचा मजलाही तूच घे.”

मागितलं नसताना कोण देतं? ताईने तेव्हाच ठरवलं, जुना मसुदा बघितल्याशिवाय सही करायची नाही.

“तो फाडून टाकला,” भाऊ आता म्हणाला.

वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी कपाटातून फाइल काढली. “सही दोघांची लागणार आहे. त्यांनी मागितला तर मला दाखवावाच लागेल.”

ताईने कागद पुढ्यात ओढले. पानोपानी बारीक लाल रेघा. ‘सदर’ उडाले होते, ‘उपरोक्त’ उडाले होते, ‘येणेप्रमाणे’ची तर कत्तलच झाली होती. तिने एकेक रेघ बोट ठेवून वाचली. खोट काढावी असं कुठे काही दिसेना. ती जवळजवळ फाइल मिटणार होती, तेवढ्यात मधल्या एका पानावर बोट थांबलं.

‘मयतांच्या पश्चात त्यांची’ आणि ‘मुलगी व मुलगा असे दोन वारस’ यांच्यामध्ये एक शब्द खोडलेला होता. लाल रेघेने नाही. काळ्या शाईने, पुन्हा पुन्हा गिरवून. तिने पान उजेडात धरलं. काही दिसलं नाही.

“हे तुमचं काम नाही,” ती वकीलबाईंना म्हणाली.

“मी खोडला,” भाऊ म्हणाला. “नकोच होता तो शब्द.”

“त्याने माझ्या हिश्श्यात फरक पडतो?”

“अजिबात नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “असला काय, नसला काय, कायद्याला दोन्ही सारखंच.”

“मग एवढी शाई कशाला घालवली?”

ताईला वडिलांचे शेवटचे दिवस आठवले. उशाशी बसली की ते म्हणायचे, “तुझं सगळं नीट करून ठेवलंय मी.” ‘मुलगी’च्या आधी काय लिहायला त्यांनी जुन्या वकिलांना सांगून ठेवलं असेल, याचा तिला अंदाज येऊ लागला. घर, दुकान, सगळंच तिचं असणार. आणि हा निघाला होता एका फटकाऱ्यात ते पुसून टाकायला.

“ताई,” भाऊ म्हणाला, “सगळं घर तू घे. आम्ही भाड्याने राहू. पण एवढं सोड.”

हा आवाज ती ओळखत होती. लहानपणी बरणी फुटली की त्याचा असाच आवाज व्हायचा.

“पकडला गेलास की बरी दानत सुचते,” ती म्हणाली आणि वकीलबाईंकडे वळली. “काय होता शब्द?”

भाऊ उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

“नक्की ऐकायचंय?” वकीलबाईंनी विचारलं.

“अर्धी फी माझी आहे.”

वकीलबाईंनी फाइल आपल्याकडे ओढून मिटली.

“दत्तक,” त्या म्हणाल्या.