पाहुणं बुबुळ

"हलू नका आजी, बुबुळाच्या नसांचे फोटो निघतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाला हनुवटी टेकवून बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दान मिळालेल्या बुबुळाने दिसत होतं, पण ते बधिर होतं, त्यात केस पडला तरी कळायचं नाही; नकळत इजा होऊन तेही जाईल, ही धास्ती होती. लहानपणी डोळ्यात कण गेला की मी घर डोक्यावर घ्यायचे आणि आई पदराच्या बोळ्यावर तोंडाची वाफ सोडून डोळा शेकायची.

पडद्यावर कडेने बारीक धागे आत शिरताना दिसले. "तुमच्याच नसा, आजी. नव्या बुबुळात वाढतायत. हळूहळू जाणीव परत येईल."

सूनबाईचा हात धरून बाहेर पडले, तोच रस्त्यावर धूळ उडाली. "सूनबाई, नव्या बुबुळात खुपतंय गं!" मी ओरडले.

"हसताय काय? इकडे बघा," म्हणत तिने ओढणीच्या बोळ्यावर वाफ सोडली.