सोनेरी की काळ्या

"सोनेरी घेऊ की काळ्या?" हे विचारायला मी दुकानातून बायकोला फोन लावला. तिच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पिळायच्या खुंट्या ढिल्या झाल्या होत्या. सकाळीच ती हसत म्हणाली होती, "अहो, तुमच्या शर्टाला पँट कधी जुळत नाही. मला विचारूनच घ्या."

फोन शेजारणीने उचलला. "भावोजी, लवकर या. ताई पडल्यात, उठत नाहीयेत."

मी पोचेपर्यंत ती गेली होती.

महिन्याने अंदाजाने काळ्या आणल्या. मुलगी बसवायला आली. म्हणाली, "बाबा, आधी जुन्या तारा सोडाव्या लागतील."

त्या तिच्या आईने, ती गेली त्याच सकाळी, सुरात लावल्या होत्या.

"राहू दे."

"अहो बाबा, तसाही सूर उतरलाय."

"उतरू दे. तिने लावलाय."

खुंट्या अजून बसवलेल्या नाहीत.