आणखी थोडं हळू

आमच्या बँडचा गायक तिशीतच गेला. अख्ख्या हॉलला नाचवणारं त्याचं गाणं मी जॅझमध्ये बसवलं. तो असता तर डोकंच फोडलं असतं माझं. ढोल काढले, उदास सॅक्सोफोन घातला, त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगचा वेग कमी करून लय पार खाली आणली. तसा त्याचा आवाजही खाली उतरून जाड, घोगरा झाला.

त्याची बायको स्टुडिओत ऐकायला आली, तेव्हा मलाच चोरट्यासारखं झालं.

"वहिनी, आवाज म्हातारा वाटतोय. नीट करून देतो."

"हात लावू नका, भावजी." तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. "पन्नाशीत असाच गायला असता ना हा?"

गाणं संपलं तरी ती उठेना.

"आणखी थोडं हळू करता येईल? सत्तरीतला तो ऐकायचाय मला."