तीन वाजेपर्यंत

खासदारकीला अपक्ष उभ्या राहिलेल्या घड्याळजीला सगळ्यांनी बजावलं होतं, "अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मोठ्या पक्षाची माणसं येतील. तीन वाजेपर्यंत त्यांच्या हाती लागू नकोस." म्हणून तो सकाळपासून बहिणीच्या माळ्यावर, फोन बंद करून, जीव मुठीत धरून बसला होता. जिन्यावर पाऊल वाजलं की तो आणखी कोपऱ्यात सरकायचा. तो कुठे आहे हे घरी फक्त बायकोला ठाऊक होतं.

साडेतीनला तो परतला. दाराची कडी काढायच्या आधी बायकोने आतूनच विचारलं, "तीन वाजून गेले ना, नक्की?"

"गेले. कोण कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही? दमदाटी करायलासुद्धा?"

"नाही म्हटलं ना! हातपाय धुवा."

ती आत निघून गेली. त्याचा चेहराच पडला. एवढा अर्ज भरला, पोस्टरं लावली, आणि आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही!

पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. सिंकमध्ये चहाचे नऊ उष्टे कप होते. दहावा विसळता विसळता बायको अजून पुन्हा पुन्हा खिडकीतून रस्त्याकडे बघत होती.